डाळ-भात दवाखान्यातल्यासारखा लागतोय, चव कशी आणू?

शहापूरची_सून | सोमवार, दुपारी ३.१०

नमस्कार मंडळी. जरा लवकर सांगा, कारण आज रात्री परत मसूर आहे.

मागच्या महिन्यात मामांचं (सासरे, वय ७१) बीपी वाढलं. डॉक्टरांनी मीठ कमी, तेल कमी, पापड-लोणचं बंद असं सांगितलं. दर रविवारचं मटण महिन्यातून एकदावर आलं. आता आठवड्यातले पाच दिवस कडधान्य आणि भात. मसूर, मडकी (मटकी), हुलगे (कुळीथ), अलसंदी (चवळी), मूग, आलटून पालटून. पोटाला बरं, खिशालाही बरं. पण चवीच्या नावानं शिमगा. मामा बोलणाऱ्यातले नव्हेत. परवा ताटाकडं बघून एवढंच म्हणाले, "सिस्टर अजून आल्या नाहीत काय राउंडला?" पोरगा ठसका लागेपर्यंत हसला. मी आत जाऊन भांडी आपटली.

करते ते असं. मसूर रात्री भिजत घालते. सकाळी कुकरला चार शिट्ट्या. वरचं पाणी उग्र लागतं म्हणून ओतून टाकते. मग चमचाभर तेलात मोहरी, जिरं, कांदा, टोमॅटो, हळद, गरम मसाला, चिमूटभर मीठ. भात सोना मसुरीचा.

मसाला दुप्पट करून बघितला. तिखट झालं, चव नाही आली. काय चुकतंय?

निपाणीकर_७८ | दुपारी ३.२५

वैनी, चटणी घाला की दोन चमचे. विषय संपला.

कोथरूड_व्हाया_बेळगाव | दुपारी ३.४०

उसळीत चटणी? नारळाची का?

निपाणीकर_७८ | दुपारी ३.४४

देवा. चटणी म्हणजे कांदा-लसणाची लाल चटणी हो. तुमच्यात मसाला म्हणतात ती. पुण्यात जाऊन एवढं विसरलात?

कोथरूड_व्हाया_बेळगाव | दुपारी ३.५२

विसरलो नाही, बायको नागपूरची. घरातला शब्दकोश बदललाय. पण त्या चटणीत मीठ असतंच की बक्कळ. मामांना कशी चालायची?

निपाणीकर_७८ | दुपारी ३.५८

हां, ते आहे. मीठ कमी घालून कुटली तर टिकत नाही, फ्रिजात ठेवावी लागते. थोडी थोडी कुटायची मग. आमच्या आईला पटायचं नाही हे, ती वर्षाची एकदम कुटते.

मलप्रभाकाठ | संध्याकाळी ५.१५

थांबा जरा. "वरचं पाणी ओतून टाकते" हे कुणी वाचलं नाही काय? ताई, तुम्ही कट ओतून देताय! चव मोरीत चाललीय आणि उरलेल्या चोथ्याला तुम्ही मसाला लावताय.

भिजवलेलं पाणी ओता, खुशाल ओता. शिजवलेलं ओतू नका. ही दोन पाणी वेगळी. भिजवलेल्यात माती, फेस आणि पोटात वारा करणारी साखर उतरते. शिजवलेल्यात कडधान्याचा सगळा जीव असतो.

मी खानापूर तालुक्यातली. पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसायचा नाही, भाजी मिळायची नाही, घरात हुलगे आणि भात. आजीकडं हुलगे शिजले की त्यातून दोन जिन्नस व्हायचे, कटाचं सार आणि कोरडी उसळ. वाटीभर हुलगे रात्रभर भिजवून, निथळून, सात-आठ वाट्या ताजं पाणी घालून मऊ शिजवायचे. गाळले की खाली जो कट येतो तो तांब्याच्या भांड्यासारख्या रंगाचा असतो. त्यातच मूठभर शिजलेले हुलगे वाटून परत घालायचे, म्हणजे साराला अंग येतं. नाहीतर ते पाणीच राहतं आणि भातातून पळून ताटाच्या कडेला जाऊन बसतं.

फोडणीला ठेचलेला लसूण आठ-दहा पाकळ्या, जिरं, कढीलिंब, हिंग, सुक्या ब्याडगी दोन. कट ओतून उकळी आली की दोन-तीन आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ. आमच्या बाजूला दोन-चार तिरफळंही ठेचून पडतात, आतली काळी बी काढून, नुसती टरफलं. बी कडू लागते. मीठ मी नेहमीच्या निम्मं घालते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मसुरीचा कट उग्र लागतो म्हणालात, तर कुकरला लावण्यापूर्वी मसूर तीन-चार पाण्यानं चोळून धुता का? आणि कुकरात हळद-हिंग घालता का? नसाल तर वास तिथंच आहे.

शहापूरची_सून | संध्याकाळी ५.३१

अगं बाई. हळद फोडणीत घालते, हिंग घालतच नाही. आणि कट... लग्नाला १४ वर्षं झाली, १४ वर्षं ओततेय. सासूबाई होत्या तेव्हा त्या करायच्या, मी कधी नीट बघितलंच नाही.

दोन_वाट्या | संध्याकाळी ६.०५

रसायनशास्त्र शिकवत होतो, निवृत्त झालो, आता घरचा स्वयंपाक माझ्याकडे. थोडं मास्तरी होईल, सांभाळून घ्या.

मसाला दुप्पट करून चव का आली नाही? मसाल्यांचे बहुतेक वास पाण्यात फारसे उतरत नाहीत, तेलात उतरतात. तुम्ही चमचाभर तेलात आधी कांदा-टोमॅटो घातलात. टोमॅटोला पाणी सुटलं आणि त्या पाण्यात गरम मसाला पडला. म्हणजे तो परतलाच नाही, उकडला. तेल तेवढंच ठेवा, क्रम बदला. कोरडा मसाला तेलात, मंद आचेवर, दहा-पंधरा सेकंद, वास सुटेपर्यंत. मग बाकीचं.

दुसरं, आंबट. चिंच, टोमॅटो, आमसूल हे कडधान्य पूर्ण मऊ झाल्यावरच. आंबटात दाण्याचं साल आणि गर मऊ व्हायला फार वेळ लागतो, गणंग राहतात. पण शिजून झाल्यावर तेच आंबट मिठाची उणीव झाकतं. जिभेला खारट कमी मिळालं तर आंबटानं ती जागी होते. म्हणून बिनमिठाच्या आमटीवर लिंबू पिळलं की एकदम "हां, आता बरं" वाटतं. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, उकळू नका.

तिसरं, मीठ. जे थोडं घालायचं ते सगळं आधी घालू नका. निम्मं शिजताना, निम्मं वाढायच्या आधी. वरचं मीठ जिभेला आधी लागतं, त्यामुळे तेवढंच मीठ जास्त वाटतं.

आणि डाळ-भाताला दवाखान्याचं जेवण म्हणून हिणवू नका. तांदळात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी, डाळीत मेथिओनिन कमी. एकमेकांची उणीव भरून काढतात. शास्त्र कळायच्या कितीतरी आधी आपल्या बायकांनी ही जोडी जमवली.

घटप्रभा_एक्सप्रेस | संध्याकाळी ६.२०

बेळगावी जिल्ह्यातले लोक डाळ-भातावर एवढं लिहितात, बघून बरं वाटलं.

निपाणीकर_७८ | संध्याकाळी ६.२४

बेळगाव.

घटप्रभा_एक्सप्रेस | संध्याकाळी ६.२५

१ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी आहे.

मलप्रभाकाठ | संध्याकाळी ६.२९

दोघेही दुसऱ्या धाग्यावर जा. ती डाळ इथं शिजणार नाही.

बैलहोंगलची_अक्का | संध्याकाळी ७.०२

आमच्यात घर कानडी, माहेर मराठी, त्यामुळं मी दोन्हीकडून खाते आणि दोन्हीकडून बोलणी पण खाते. सासूबाई याच हुलग्याच्या कटाला हुरळी सारू म्हणतात. त्यात त्यांची सारिन पुडी पडते. धणे, जिरं, मेथीदाणे, मिरे, ब्याडगी, कढीलिंब, सगळं वेगवेगळं कोरडं भाजून कुटलेलं. मीठ अजिबात नाही. शहापूरच्या ताईंना हे चालेल. मेथीदाणे मात्र जपून, तांबूस झाले की लगेच खाली, काळे झाले तर सगळी पूड कडू.

मला मात्र वेगळी अडचण आहे. बोअरचं पाणी. हरभरा आठ तास भिजवला, सहा शिट्ट्या घेतल्या, तरी दाताखाली कटकट. सोडा घालू काय?

दोन_वाट्या | संध्याकाळी ७.२०

अक्का, जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, ते सालीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं, म्हणून दाणा मऊ होत नाही. पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरून बघा, भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला. सोडा चिमूटभर घातलात तर हरभरा नक्की शिजेल, पण बी-१ जीवनसत्त्व जातं आणि सोड्यातही सोडियमच असतं. बीपीवाल्या घरात नको. आणि हरभरा दोन वर्षांचा जुना असेल तर कुठलंच पाणी त्याला वाचवणार नाही.

बैलहोंगलची_अक्का | संध्याकाळी ७.२६

जुना आहे. शेतातलाच, पण जुना. मालक ऐकत नाहीत, "घरचं आहे" म्हणतात.

बंगळुरूत_अडकलेला | रात्री ८.१५

मी एकटा राहतो. स्लो कुकर घेतलाय. रात्री राजमा टाकून झोपतो, सकाळी तयार. वरून दुकानातला मसाला. त्याला काही उपाय?

दोन_वाट्या | रात्री ८.२२

चवीचं नंतर बघू. राजमा कच्चा स्लो कुकरात टाकू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, मंद आचेवर ते पूर्ण मरत नाही. उलट्या-जुलाब होतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात खळखळा निदान दहा मिनिटं उकळा, मी अर्धा तास म्हणेन. मग खुशाल स्लो कुकरात टाका. साध्या प्रेशर कुकरला हा प्रश्न नाही.

बंगळुरूत_अडकलेला | रात्री ८.३१

अरे बापरे. मागच्या महिन्यात दोनदा पोट बिघडलं, मी ऑफिसच्या कँटीनला शिव्या घातल्या.

अनगोळची_काकू | रात्री ९.१०

मी वाचूलोय सगळं मघापासनं. (नातवानं टाईप करून दिलंय, चुका त्याच्या.)

शहापूरच्या सुनबाई, तेल कमी आहे ना? मग सुरुवातीला घालूच नकोस. आमटी बिनफोडणीची उकळ, हळद-हिंग-कट सगळं त्यात. फोडणी शेवटी, पळीत.

लोखंडी लांब दांड्याची पळी घे. स्टीलची नको, ती तळाला जळते. गॅसवर कोरडी तापव. एक लहान चमचा तेल, जास्त नाही. मोहरी दोन-चार दाणे टाकून बघ, तडतडले की बाकीची टाक. मग लसूण, सोलायचा नाही, सालीसकट दगडानं ठेचायचा. साल पळीत करपते आणि तिचा वासच वेगळा येतो. लसूण पांढऱ्याचा बिस्किटाच्या रंगाचा होईपर्यंत हलवू नकोस. मग गॅस बंद कर. बंद केल्यावर लाल तिखट, आधी नाही. तेलात पडलं की फसफसतं आणि लाल होतं, एक-दोन म्हणेपर्यंत पळी तशीच आमटीत बुडव आणि वरनं झाकण. चर्रर्र आवाज आत गेला पाहिजे, घरभर नाही. पाच मिनिटं झाकण काढायचं नाही. सगळ्या बायका तिथंच चुकतात, उघडून बघतात.

आमच्या ह्यांना ११ वर्षं झाली बीपीच्या गोळ्या. अजून ताट पुसून खातात.

कोथरूड_व्हाया_बेळगाव | रात्री ९.२२

काकू, नातवाला सांगा, चूक एकही नाही. वाचतानाच वास आला.

पळी नसली तर काय? माझ्याकडे इंडक्शन आहे.

अनगोळची_काकू | रात्री ९.२५

पळी घे.

हुक्केरी_रोड | मंगळवार, सकाळी ७.४०

मिरचीवर कुणीच नीट बोललं नाही, म्हणून मी. मिरची-बाजाराशी संबंध आहे, जाहिरात नव्हे.

तिखट आणि चव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ब्याडगी (हावेरी जिल्ह्यातली, २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं) तिखटाला कमी, रंग आणि वासाला जबर. तिच्यातही दोन जाती, डब्बी आणि कड्डी. डब्बी आखूड-फुगीर, कड्डी लांब-सडपातळ. आमटी-साराला मी डब्बी देईन. संकेश्वरी मिरची आमच्या तालुक्यातली, पण ती तिखट. दोन्ही मिसळून वापरतात लोक, ते बरोबर आहे. पण मीठ कमी असताना तिखट वाढवलं तर नुसती जीभ पोळते, जेवण फिकंच राहतं. शहापूरच्या ताईंचं तेच झालं असणार. मीठ कमी केलं की तिखटही थोडं कमी करा आणि ब्याडगीचं प्रमाण वाढवा.

शहापूरची_सून | मंगळवार, सकाळी ९.५५

काल रात्रीचा अहवाल. अर्धवट यश.

मसूर चार पाण्यांनी चोळून धुतली. पहिलं पाणी चहासारखं निघालं, लाज वाटली. कुकरात हळद-हिंग. कट ठेवला. काकूंची पळी कुठून आणणार रात्री, म्हणून छोट्या कढईत फोडणी केली आणि आमटीत उलटली, झाकण ठेवलं. उघडलं नाही, पोरानं उघडलं.

आणि मिरच्या. डब्यातल्या सुक्या मिरच्या ब्याडगी समजून तीन घातल्या. त्या संकेश्वरी निघाल्या. हुक्केरीवाले, तुमची पोस्ट १२ तास आधी आली असती तर. पोरगा पाणी पीत सुटला. मामांनी मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलं. भात कमी, आमटी जास्त. बोलले काहीच नाहीत, घाम पुसत जेवले.

आता प्रश्न. एका मैत्रिणीनं सांगितलं की लो सोडियमवालं मीठ आण, मग हवं तेवढं घाल. आणू?

दोन_वाट्या | मंगळवार, सकाळी १०.०८

डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंड कमकुवत असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होतो. आणि "हवं तेवढं" कुठलंच मीठ नसतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, म्हणजे सपाट लहान चमचाभर. सगळ्या जेवणांचं मिळून, ब्रेड-बिस्किटासकट.

बैलहोंगलची_अक्का | मंगळवार, सकाळी १०.४०

मिठाऐवजी वरून भुरभुरायला गुरेळ्ळाची पुडी करा. गुरेळ्ळू म्हणजे कारळे. कोरडे भाजायचे, तडतड उडायला लागले की उतरवायचे, लसूण आणि ब्याडगीबरोबर जाडसर कुटायचे. बाजारातल्या पुडीत मीठ असतं, घरच्यात घालू नका. भातावर चमचाभर, त्यावर आमटी. तेल लागत नाही, कारळ्यालाच तेल सुटतं. जवसाचीही होते, पण मला ती चिकट वाटते. सासूबाई हे वाचत नाहीत म्हणून लिहितेय.

कोथरूड_व्हाया_बेळगाव | मंगळवार, सकाळी ११.१५

आणि भाताचं काय? मी भातात जिरं, तमालपत्र, लवंग टाकतो. छान होतो.

मलप्रभाकाठ | मंगळवार, सकाळी ११.३०

भाताच्या नादी लागू नका. आमटीला चव असेल तर भात मुका असलेलाच बरा. दोघे एकाच वेळी बोलायला लागले की काही ऐकू येत नाही.

तांदूळ मात्र बदलून बघा. वडगाव-शहापूर-येळ्ळूरच्या शिवारातला बेळगाव बासमती कुणा ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळाला तर आणा, रोजचा नको, महाग आहे. शिजताना वास शेजारी जातो. त्यावर नुसता कट ओतला तरी जेवण होतं. शहापुरात राहून तुम्ही सोना मसुरी खाताय याचं मला कालपासून वाईट वाटतंय, लिहिलं नव्हतं.

शहापूरची_सून | मंगळवार, सकाळी ११.४१

माहेर सौंदत्तीकडचं, ज्वारीवाले आम्ही. तांदळातलं कळतच नाही मला काही. विचारते गल्लीत.

निपाणीकर_७८ | मंगळवार, दुपारी १२.०५

कांदा गॅसवर थेट भाजून, काळी साल काढून, सुक्या खोबऱ्याच्या दोन कातळ्यांबरोबर वाटा आणि कटात घाला. आमच्याकडं अख्खा मसूर असाच. खोबरं पण विस्तवावर भाजायचं, तेलात नाही. ह्याच्यावर कुणाचं काही म्हणणं?

दोन_वाट्या | मंगळवार, दुपारी १२.११

काही नाही. खोबरं दोनच कातळ्या, एवढंच. आणि जळलेला काळा भाग खरोखर काढा, "चवीला राहू दे" म्हणू नका.

शहापूरची_सून | गुरुवार, रात्री ९.३०

काल हुलगे केले, मलप्रभाताईंच्या पद्धतीनं. पळी घेतली, लोखंडी. दुकानदारानं सांगितलं, आधी तेल लावून दोनदा तापवा, म्हणून ते केलं. तिरफळ मिळाली नाहीत, आमसुलं होती. कट गाळताना रंग बघून मी एकदम थांबले, सासूबाईंच्या पितळी पातेल्यात हाच रंग असायचा. मी तेव्हा शेजारी उभी राहून मोबाईल बघत होते.

मीठ निम्म्याहून थोडं कमी, अर्धं शेवटी. वर लिंबू घातलं नाही, आमसूल होतं म्हणून. गुरेळ्ळाची पुडी केली, पहिली खेप जळली, दुसरी बरी.

मामांनी वाटी तोंडाला लावून सार प्यायलं. मग विचारलं, "हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, अनगोळच्या एक काकू आहेत. तर म्हणाले, "अनगोळच्या कुठल्या?" आता काकू, तुमची गल्ली सांगा, नाहीतर ते जाऊन शोधतील.

अनगोळची_काकू | गुरुवार, रात्री ९.४४

नातू म्हणतोय पत्ता इंटरनेटवर सांगायचा नसतो. त्यांना म्हणावं, उरलेल्या कोरड्या हुलग्यांचं काय केलंस ते सुनेला विचारा आधी.

शहापूरची_सून | गुरुवार, रात्री ९.५०

फ्रिजात आहेत. काय करू?

अनगोळची_काकू | गुरुवार, रात्री ९.५३

उद्या सकाळी कांद्यावर परत, ओलं खोबरं, कोथिंबीर. भाकरीबरोबर दे. ज्वारीचीच दे, तुला येतेच की.